खांडीवरचा ट्रॅक्टर

दिनानाथनं गावकीत शब्द दिला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ट्रॅक्टरनं त्याला तोंडघशी पाडलं.

शब्दही साधासुधा नव्हता. नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारच्या भरतीला, खाडीनं गावाचा बाहेरचा बांध फोडला होता. पंधरा हात रुंद खांड पडली होती आणि आत चाळीस घरांचं लावून झालेलं भात उभं होतं. उधाण ओसरून भांग लागला, भरतीचा जोर उतरला, म्हणून पाणी सध्या खांडीच्या तळाशीच येऊन जाऊन खेळत होतं. आत शिरलेला खार पाऊस धूत होता. पण ही सवलत अमावस्येपर्यंतची. पिठोरीच्या उधाणाला खांड उघडी राहिली तर भात तर जाणारच, जमीनही जाणार. पलीकडच्या गावाची खारजमीन अशीच गेली. तीन वर्षं कुणी खांड बांधली नाही, आत तिवरांची खारफुटी माजली, आणि आता तिवराला कोयता लावला की वनखात्याची केस. सातबारा माणसांच्या नावावर आणि शेत खेकड्यांच्या ताब्यात.

गावकीत विपुल म्हणाला होता, "येवढा घाम खाडीत वतन्यापेक्षा इकून मोकले व्हा ना. गिऱ्हाईक हाय माज्याकडं."

विपुल हा दिनानाथच्या मयत भावाचा मुलगा. दोन डंपर, एक जेसीबी आणि वीटभट्टीवर नवाकोरा ट्रॅक्टर, असा त्याचा बारदाना. जेसीबी ओल्या बांधावर चढवला तर बांधच बसला असता. पण ट्रॅक्टर चालला असता, आणि तेवढ्यासाठी गावकीचा पंच जीवन त्याला विनवायला उठतच होता. तेवढ्यात दिनानाथ उभा राहिला.

"कोनाच्या पाया पडाची गरज नाय. दगड, मुरूम माजा ट्रॅक्टर टाकंल."

झालं. घरटी एक माणूस घमेलं घेऊन येणार आणि दिनानाथच्या घरचा ट्रॅक्टर येणार, असं ठरलं. दुसऱ्या ट्रॅक्टरची गोष्ट कुणी काढली नाही. बायकांच्या बाजूला बसलेल्या ठमीला, दिनानाथच्या बायकोला, तेव्हा नवऱ्याचं कौतुकच वाटलं होतं. लपवायचं काय त्यात?

आता ती पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. समोर पत्र्याच्या शेडमध्ये दिनानाथ पुन्हा पुन्हा चावी फिरवत होता आणि सेल्फ घर्र करून गप्प पडत होता.

हा ट्रॅक्टर घरात सून आली त्याच्याही आधीचा, आणि दिनानाथच्या हाती आला तेव्हाच दुसऱ्याचा वापरलेला. लाल रंग उडून विटकरी झालेला, सायलेन्सरवर पाऊस जाऊ नये म्हणून उपडा घातलेला तेलाचा डबा. त्याला दिनानाथशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. उरणला ट्रेलर चालवणारा मुलगा परेश, त्यालाही विचारल्याशिवाय चढायची परवानगी नव्हती. दसऱ्याला झेंडूचा हारसुद्धा दिनानाथ घालणार; ठमीनं फक्त ताट धरायचं.

"बॅटरी बसली," दिनानाथ म्हणाला. "कडत पानी आन."

तिनं पाणी आणलं. त्यानं बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी धुतली, कानस मारली, वायरी आवळल्या. तरी तेच. मग शेजारच्या टेम्पोची बॅटरी काढून आणली. आता सेल्फ जोरात फिरला, इंजिन फिरलं, सगळी शेड हादरली, पण पेट घेईना. दिनानाथ खाली उतरून सायलेन्सरकडं बघत राहिला.

"धूर नाय," तो स्वतःशीच बोलला. "डिझेलच पोचत नाय."

इंजिन बंद करायचा स्टॉपर बाहेर राहिला की काय, म्हणून त्यानं त्याची मूठ दाबून पाहिली. आतच होती. फिल्टरचा नट सैल करून तो नळीत अडकलेली हवा काढायला बसला. हातपंपाची बारकी कळ अंगठ्यानं वरखाली, वरखाली. आधी फेस आला, मग गढूळ पांढरट काहीतरी आलं आणि थांबलं. बासष्ट वर्षांचा अंगठा. तासाभरात त्याची साल निघाली. ठमीनं फडकं पुढं केलं तर म्हणाला, "चल हो बाजूला. उजेड अडतं."

दुपारी खांडीवरून चौघं जण आले. ट्रॅक्टर उतारावर ढकलायचं ठरलं. दिनानाथ वर बसला, गडी मागून रेटत निघाले, वेग आल्यावर त्यानं गिअर टाकून क्लच सोडला. मागची चाकं जागीच थबकली आणि चिखलात दोन चर ओढत गेली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ट्रॅक्टर असा आचका देऊन थांबला की दिनानाथ सीटवरून थेट चिखलात, हातावर आणि तोंडावर. गडी हसले नाहीत. हसले असते तर बरं, असं ठमीला वाटलं.

"काका, उद्या बगू," त्यांतला एक म्हणाला, आणि ते घमेली उचलून पायीच खांडीकडं गेले.

दुसऱ्या दिवशी गोकुळाष्टमी. पोयनाडवरून रतन मिस्त्री मोटरसायकलवर आला. हा माणूस कमी बोलणारा आणि इंजिनाला आधी कान लावणारा. त्यानं सेल्फ मारायला लावला, ऐकलं, मान हलवली आणि डिझेलच्या वाटेवरची काचेची वाटी पान्यानं सोडवून उजेडात धरली. वर डिझेल होतं. खाली बोटभर जाडीचं, वेगळंच, नितळ पाणी.

"टाकीत पानी गेलंय, काका."

"पावसाचं नाय जानार. झाकन घट्ट हाय."

रतननं वाटी कलती केली, तळातलं पाणी बोटावर घेतलं, चोळलं. मग जिभेला लावलं आणि थुंकला.

"खारं हाय."

ठमीच्या हातातलं ताट तिथल्या तिथं थांबलं. खारं म्हणताक्षणी तिला सगळं कळलं. विचारसुद्धा करावा लागला नाही.

मृगाच्या आधी बियाणं निवडायचं असतं. खारीतलं लाल भात मिठाच्या पाण्यात सोडायचं. पोकळ दाणे वर येतात, भरीव खाली बसतात. पाणी पुरेसं खारट झालं की नाही ते बघायला त्यात बटाटा टाकायचा, तरंगला की झालं. ठमीच्या सासूनं असंच केलं, तिच्या सासूनंही. पाणी खाडीचंच आणायचं, वर मूठभर मीठ. यंदा बादलीची कडी तुटलेली, म्हणून ठमीनं शेडमधला डिझेलचा काळा कॅन राखेनं घासून नेला होता. बियाणं निवडून झालं. उरलेलं दोन-अडीच लिटर खारं पाणी मागाहून लागेल म्हणून त्याच कॅनमध्ये ठेवलं, बूच लावलं आणि कॅन होता तिथं ठेवून दिला. मग पेरणी, मग लावणी. कोण लक्षात ठेवतं?

आणि दिनानाथचा दुसरा कायदा असा, की चिखलणी संपली की ट्रॅक्टरची टाकी काठोकाठ भरून ठेवायची. रिकाम्या टाकीला आतून घाम फुटतो, त्याचं पाणी होतं, असं तो साऱ्या गावाला शिकवायचा. यंदाही तळाशी उरलंसुरलं डिझेलच असेल म्हणून त्यानं न बघताच पंपावर काळ्या कॅनमध्ये डिझेल भरून घेतलं, टाकीत ओतलं, ट्रॅक्टर शेतातून शेडपर्यंत चालवत आणला आणि बंद केला. तेवढ्यात खाडी इंजिनाच्या पोटात जाऊन बसली होती.

रतननं इंजिनाच्या डिझेल-पंपाचं झाकण उघडलं. आत विटेच्या चुऱ्यासारखा लाल गंज होता. त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं हलवून पाहिलं, काही हललं नाही.

"प्लंजर धरलेत, डिझेल रेटनारे दट्टे. पंप पेनला न्यावा लागंल. इकडं काय होनार नाय."

दिनानाथ बराच वेळ त्या गंजाकडं बघत होता. मग हळूहळू त्याची मान ताठ झाली.

"खाडीचं पानी टाकीत आपल्या पायानं चालत येत नाय. कोनी तरी घातलान."

"कोन घालंल, काका?"

"खांड बुजली नाय तर कोनाचा फायदा? त्यालाच इचार. लावनीच्या येलेला इक्रीच्या सहीचा कागद घेऊन आला हुता पडवीत. मी नव्हतो घरात." त्यानं ठमीकडं पाहिलं. "आला हुता ना विपुल?"

"आलेला," ठमी म्हणाली. "पन त्यो... मी काय बोलते..."

"तू चा टाक."

दिनानाथच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा जरा निवांतपणा दिसत होता. दोष दुसऱ्याचा निघाला की माणसाला केवढा आराम पडतो! तो आराम काढून घ्यायला ठमीची जीभ रेटेना. सालपटलेला अंगठा, काल चिखलात पडलेलं तोंड, सगळं तिच्या डोळ्यांपुढं होतं. चहा झाल्यावर सांगू, म्हणून ती आत गेली. चहा झाला, रतन पंप सुटा करून पोत्यात बांधत होता, आणि दिनानाथ शेजाऱ्याला विपुलचं कारस्थान रंगवून सांगत होता. सांगायची वेळ तिथंच निघून गेली, हे तिला नंतर कळलं.

नवमीला गोपाळकाला. पेणचा पंपवाला दुकान बंद करून हंडीला गेलेला. दशमीला त्यानं पंप उघडला आणि म्हणाला, नवे प्लंजर मुंबईहून येतील. जुने कुठं मिळाले तर बघतो. दिनानाथ तिथंच बाकावर बसून राहायला लागला, सकाळच्या एसटीनं जायचा आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं यायचा.

ट्रॅक्टर नाही तर घरचं माणूस पाहिजे. म्हणून ठमी घमेलं घेऊन खांडीवर जाऊ लागली. ओहोटी लागली की रांग धरायची. चिखलाची ढेकळं हातोहात पुढं सरकवायची आणि खांडीत टाकायची. गुडघ्याएवढ्या पाण्यात पाय फुगून पांढरे पडत, बोटांच्या बेचक्यांत खार चिरत जाई. भरती आली की दिवसभराच्या कामातलं निम्मं विरघळून जाई. दगड असता तर टिकला असता. ते सगळ्यांनाच माहीत होतं आणि सगळे तिलाच विचारत होते.

"ठमेकाकी, ट्रॅक्टर आला का गो?"

"येनार हाय."

"पिठोरीचं वान घेऊनच येतंय वाटतं!"

यावर मात्र सगळी रांग हसली, आणि ठमीही ओशाळून हसली.

द्वादशीला दिनानाथ पेणला निघतच होता, तेवढ्यात दारात ट्रॅक्टर वाजला. नवाकोरा निळा ट्रॅक्टर, मागं ट्रॉलीभर दगड, आणि वर स्वतः विपुल. खांडीची वाट दिनानाथच्या दारावरूनच जाते.

"काका," विपुल खाली न उतरताच म्हणाला, "बाबाचं बी दोन एकर हाय आतमधी. आयनं कालपास्नं अन्नाला हात नाय लावलान. मना इकाचीच हाय, पन बुडलेली नाय इकाची. चल, दाव कुठं टाकाचं."

ठमीला वाटलं, देव पावला. दिनानाथच्या हातात चौदाचा पाना होता, तोच घेऊन तो वाटेत आडवा उभा राहिला.

"टाकीत पानी घालताना आठवला नाय बापूस? आनि आता दगड घेऊन आलास, व्हय?"

"कसलं पानी?"

"गावाला म्हाईत हाय कसलं."

विपुल उतरला. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. "काका, आयच्यान सांगतू, मी तुज्या ट्रॅक्टरला हात पन लावला नाय," तो म्हणाला, आणि दिनानाथनं त्याच्या थोबाडीत मारली. पाना दुसऱ्या हातात होता म्हणून बरं. विपुल पस्तिशीचा, अंगानं दुप्पट. मनात आणलं असतं तर त्यानं म्हाताऱ्याला एका हातानं उचलून ठेवलं असतं. त्यानं गालावर हात ठेवला आणि ठमीकडं पाहिलं.

"काकी, तू तरी सांग. लानपनी तुज्याच ताटात जेवलोय मी."

समोर आठ-दहा माणसं, मध्ये नवरा, त्याचा हात अजून वरच. तिनं खाली, आपल्या पांढऱ्या पडलेल्या पायांकडं पाहिलं. आणि बघतच राहिली.

विपुलनं ट्रॉली उचलून सगळा दगड तिथंच दारासमोर ओतला आणि ट्रॅक्टर वळवून निघून गेला. तो दगड गावानं दोन दिवस डोक्यावरून वाहिला. निम्माही पोचला नाही. वाहताना बायाबापड्या विपुलच्या नावानं बोटं मोडत होत्या, आणि त्याला वाळीत टाकायची भाषा पहिल्यांदा तिथंच निघाली.

पंप चतुर्दशीच्या संध्याकाळी आला, दुसऱ्या कुठल्या भंगारातले प्लंजर बसवून. अमावस्येला उजाडताच रतन आणि दिनानाथ शेडमध्ये बसले. टाकी रिकामी करून धुतली, नवा फिल्टर, नळ्या फुंकून साफ. ठमीला पिठोरीचा उपास होता. पूजेचं सगळं तसंच टाकून ती खांडीवर गेली. साऱ्याच बाया आल्या होत्या. खांडीत पुरुषभर उंचीचा चिखलाचा बंधारा उभा राहिला होता, मध्ये थोडा दगड, वरून पोती. पोटात मुरूम नाही. त्याला आज टिकायचं होतं फक्त दोन-तीन तास.

अकराला पाणी पोत्यांना लागलं. वारा सुटला, पाऊस आडवा येऊ लागला. जीवन ओरडत होता, "दाबा, दाबा, मधी दाबा!" आणि माणसं ढेकळांऐवजी आता स्वतःच बंधाऱ्याला पाठी लावून उभी होती. ठमीही होती. पाठीला पलीकडच्या पाण्याचा जोर लागत होता. अंगावर जनावर रेलावं तसा, संथ आणि जड.

बाराच्या सुमाराला गावाच्या बाजूनं आवाज आला. आधी खोकल्यासारखा, तुटक. मग घुमत, सलग. सगळ्यांनी माना वळवल्या.

"लागला! दिनानाथचा लागला!"

कुणीतरी शीळ घातली. आणि त्याच घटकेला ठमीच्या पायाखालून गार पाण्याची धार निघाली. तिनं टाच दाबली. धार मनगटाएवढी झाली. जीवननं "पलाऽ" म्हणून हाक दिली, माणसं दोन्ही बाजूंच्या बांधावर चढली, आणि बंधारा मधोमध बसला. मोठा आवाजही झाला नाही. आठ दिवसांचा चिखल, पोती, विपुलचे दगड, सगळं घेऊन खाडी आत गेली. पंधरा हातांची खांड बघता बघता तीस हातांची झाली. उभ्या भाताचे शेंडे काही वेळ पाण्यावर हलत होते, मग तेही दिसेनासे झाले.

दिनानाथ ट्रॉलीभर मुरूम घेऊन बांधावर आला तेव्हा त्याचा चेहरा नवऱ्या मुलासारखा फुलला होता. पावसात त्याला समोरचं नीट दिसलं नसावं. जवळ आल्यावर दिसलं. त्यानं ट्रॅक्टर थांबवला, पण इंजिन चालूच ठेवलं. ते बंद करायची आता त्याला भीती वाटत होती.

माणसं लांब लांब बसली होती, कुणी रडत होतं. ठमी उठली, ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला धरून उभी राहिली.

"अवं," ती म्हणाली. "त्या काल्या कॅनात खाडीचं पानी हुतं. बियान्याचं. मीच ठेवलेलं."

इंजिनाच्या घुमण्यात ते फक्त त्यालाच ऐकू गेलं. त्यानं मान वळवली. पाणी त्याच्या भुवयांवरून गळत होतं.

"कदी कललं तुना?"

"रतन थुकला तवाच."

तो स्टिअरिंगवर वाकला. मग सरळ झाला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "माज्याकडं बोललीस, बास. आता कोनाकडं बोलू नको."

तेवढ्यात जीवन आला. छातीपर्यंत चिखल, डोळे लाल. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा तो म्हणाला, "दिनानाथ, येत्या पुनवेला गावकी बसंल. इपुलच्या घराला वालीत टाकाचं. पानी नाय, इस्तव नाय, मयताला खांदा पन नाय. त्यानं टाकीत पानी घातलान, हे तू उभं राहून सांगशील ना?"

दिनानाथनं खाडीकडं पाहिलं. विपुलच्या आईनं, तिच्या जावेनं, दोन दिवस अन्न सोडलं होतं, तेवढंच ठमीला आठवत होतं.

"व्हय," दिनानाथ म्हणाला.

ठमीनं ट्रॅक्टरच्या पायरीवर पाय ठेवला, लोखंडाला धरून वर चढली आणि हात लांब करून स्टॉपरची मूठ खेचली. इतक्या वर्षांत तिनं या ट्रॅक्टरला लावलेला हा पहिला हात. इंजिन दोन गचके खाऊन बंद पडलं. बांधावरची चाळीस घरं एकदम तिच्याकडं बघू लागली.

"इपुलनं काय नाय केलान," ती म्हणाली. आवाज फाटला, पण थांबला नाही. "आमचं बियान्याचं पानी हुतं कॅनात. मीच ठेवलं, यांनीच वतलं. मना आठ दिस म्हाईत हाय. त्यानं दगड आनलेला, त्यानं आनलेला, आनि मी गप बसले."

एक बाई आपलं घमेलं उचलून ठमीच्या पुढून, तिच्याकडं न बघता, चालू लागली. तिच्या मागं दुसरी.

दिनानाथनं ठमीकडं पाहिलंच नाही. ती खाली उतरेपर्यंत तो थांबला, एवढंच. मग त्यानं स्टॉपर आत दाबला, चावी फिरवली, आणि ट्रॅक्टर पहिल्याच फटक्यात चालू झाला.